कार्डातला विमा आणि आईची अर्धी गोळी

आमच्या घराण्यात पहिलं क्रेडिट कार्ड आलं ते थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या खिशातून. नव्वदच्या दशकाचा मध्य असावा. दाजींचं जळगावात शेतीपंपांचं आणि पाइपांचं दुकान होतं. कार्ड सोनेरी होतं. माझ्या माहितीत तेव्हा जळगावात ते घेणारं एकही दुकान नव्हतं, दाजींचं स्वतःचं धरून. त्यामुळे कार्डाचा मुख्य उपयोग दाखवण्यापुरता होता, आणि तो दाजी मन लावून करत. पाहुण्यांचा चहा झाला की कार्ड पाकिटातून निघे, टीपॉयवर ठेवलं जाई. पाहुणे ते हातात घेत, उलटंसुलटं करून बघत आणि काही न कळून परत देत. मग दाजी त्याचे गुण सांगत. त्यातला शेवटचा आणि सर्वांत भारदस्त गुण प्रवास विम्याचा होता.

हा गुण आमच्या आईच्या वाट्याला यायचा होता.

धाकटी बहीण लग्न होऊन अमेरिकेत गेली होती आणि तिला जानेवारीतली तारीख दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात आमच्याकडे चर्चेला जागा नसते. लेक येऊ शकत नव्हती, म्हणून माहेराने विमानात बसून जायचं ठरलं. माहेर म्हणजे आई. रावेरकडच्या आमच्या गावातलं केळीचं शेत वडिलांच्या माघारी ती एकटी बघत होती. तिचा तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास रेल्वेने झाला होता आणि त्यात तिने स्वतःच्या डब्याबाहेरचं काही खाल्लं नव्हतं.

मी धुळ्याला कॉलेजात शिकवत होतो. दाजी मला प्रोफेसर म्हणत. त्या शब्दातला आदर त्यांनी कुठे ठेवला होता ते मला कधी सापडलं नाही. आईचा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट ही कामं त्यांनी धडाडीने केली, हे मान्य करायला हवं. माझ्याच्याने ती झाली नसती. तिकीट नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं होतं. ते हातात पडलं त्या दिवशी मी विचारलं, “आणि आईच्या आजारपणाचा विमा?”

दाजींनी पाकिटातून कार्ड काढून टीपॉयवर ठेवलं.

“हे काय?”

“तुमचं उत्तर. यात सगळं येतं. जगात कुठेही.”

“आईचंही?”

“आई काय परक्या आहेत का?”

धाकटीने मधे एका पत्रात लिहिलं होतं की तिच्या शेजारच्या मराठी घरात सासरे आले होते, ते तीन दिवस इस्पितळात होते, आणि त्या तीन दिवसांसाठी मुलाला नवं घर घेण्याचा विचार सोडून द्यावा लागला. आकडा तिने लिहिला नव्हता. लिहायला घेऊन खोडला होता, आणि खोडलेल्या जागेची लांबी बघून मला जे समजायचं ते समजलं होतं. म्हणून मी दाजींकडे कार्डाबरोबर आलेलं माहितीपुस्तक मागितलं.

“ते वाचायचं असतं?” ते म्हणाले. पण कपाटातून काढून दिलं. वरची प्लास्टिकची पिशवी अजून फोडलेली नव्हती.

मी ते धुळ्याच्या एसटीत उघडलं. पारोळ्याला गाडी चहासाठी थांबली तोवर माझं वाचून झालं होतं आणि चहाची इच्छा राहिली नव्हती. बारीक अक्षरांत, स्वच्छ इंग्रजीत तीन गोष्टी दिल्या होत्या. विमा कार्डधारकाचा आणि त्याच्या पत्नीचा. तोही तिकिटाचे पैसे त्याच कार्डावर दिले असतील तर. आणि तोही अपघाताचा: मृत्यू आला, हात-पाय गेला, सामान हरवलं तर. आजारपण, डॉक्टर, इस्पितळ हे शब्द मी शेवटच्या पानापर्यंत शोधले. आई दाजींची पत्नी नव्हती. तिकीट दाजींनी जळगावच्या एजंटाकडून रोख पैसे देऊन घेतलं होतं, कारण एजंटाने कार्ड हातात घेऊन, उलटंसुलटं करून, काही न कळून परत दिलं होतं. आणि विमान पडण्याची वेळ आलीच, तर आम्हाला विम्याचा फारसा आनंद झाला नसता.

पुढच्या रविवारी मी परत जळगावला गेलो आणि दुकानात बसून दाजींना ती तिन्ही वाक्यं मराठीत सांगितली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “प्रोफेसर, तुम्ही पुस्तकं फार वाचता.” आणि त्यांनी कार्डवाल्या बँकेला मुंबईला फोन लावला. पलीकडे कोणी मुलगी होती. दाजी इंग्रजीत म्हणाले, ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे का? ती म्हणाली असावी, आहे सर. दाजींनी रिसिव्हर माझ्याकडे धरला, म्हणजे तो विजय मलाही ऐकू यावा.

मी तिला विचारलं, “त्यांच्या सासूबाईंना आजारपणासाठी?”

ती म्हणाली, “नाही सर.”

मी फोन ठेवला. दाजींना वाटलं लाइन कटली.

त्या दिवशी मी ठरवलं की कार्डावर वाद घालायचा नाही. वेगळी पॉलिसी घ्यायची, आणि आई त्या पॉलिसीशिवाय विमानात बसणार नाही. मी काही फार निश्चयी माणूस नव्हे. कॉलेजात साधं वेळापत्रकही मी कधी माझ्या मनासारखं करून घेतलं नव्हतं. पण त्या खोडलेल्या आकड्याची लांबी माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

परदेशातल्या आजारपणाची पॉलिसी सरकारी विमा कंपनीच्या कार्यालयात मिळत असे. तिथले विकास अधिकारी सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी फॉर्म दिला आणि सांगितलं, साठीपुढच्या माणसाला कार्डिओग्राम, लघवी, शुगर आणि डॉक्टरची तपासणी लागते. पासपोर्टावर आईची जन्मतारीख एक जून होती, जशी आमच्या गावात निम्म्या लोकांची आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती सगळ्यांना सारखी वाटली होती. त्या हिशेबाने आई साठीपुढे गेली होती. खरं वय कोणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही.

आई तेव्हा खरेदीसाठी पंधरा दिवसांपासून दाजींकडेच राहत होती. तपासणीचं ऐकून ती दुखावली.

“मले काय झालं? सकायी वावरात जाते ते संध्याकायी येते. डॉक्टर मह्यासंगे चालून दाखोईन का?”

“तो चालायला नाही सांगणार. झोपायला सांगेल.”

“दिवसा?”

मी तिला घेऊन गेलो. डॉक्टर चांगले होते, घाई नव्हती. त्यांनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. दुसऱ्या हाताला बांधला. मग पाच मिनिटं तिला नुसतं बसवून ठेवलं आणि तिसऱ्यांदा बघितलं.

“आजी, बीपीची गोळी चालू आहे?”

“नही.”

“कधी घेत होतात?”

आई माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, “आर्धी.”

“अर्धी काय?”

“आर्धी गोयी. त्यायची.”

त्यायची म्हणजे वडिलांची. हळूहळू सगळं बाहेर आलं. वडिलांना बीपीची गोळी होती. एकदा आईला चक्कर आली, तर वडिलांनी आपल्यातली अर्धी मोडून दिली. बरं वाटलं. मग रोजच अर्धी अर्धी व्हायला लागली. वडील गेले तरी त्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी देव्हाऱ्याखालच्या खणात होती, आणि शेतावरचा माणूस महिन्यातून एकदा ती घेऊन तालुक्याला मेडिकलवर जायचा. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मेडिकलवाल्याच्या लेखी मात्र ते दर महिन्याला न चुकता गोळ्या नेत होते.

हे ऐकून मी हादरलो, पण खरं सांगायचं तर चकित झालो नाही. आमच्या गल्लीत चष्मेसुद्धा असेच चालत. सासऱ्याचा चष्मा सासूला, सासूचा मोठ्या जावेला. एका घरच्या खोकल्याच्या औषधावर चार घरं बरी व्हायची. डॉक्टर एकदाच बघायचा. पुढचं गाव बघून घ्यायचं.

“आणि आता बंद का केली?” डॉक्टरांनी विचारलं.

“जवायाच्या घरी आलते ना. चिठ्ठी घरी ऱ्हायली. तिथी कोनाले सांगत बसू, की मले मेलेल्या मानसाची गोयी आनून द्या?”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिच्या स्वतःच्या नावाने पहिली चिठ्ठी लिहिली, पूर्ण गोळीची, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, कार्डिओग्राम ठीक आहे, पण हे प्रेशर घेऊन वीस-बावीस तासांच्या प्रवासाला मी हो म्हणणार नाही. दोन-तीन आठवडे नियमित गोळी, मीठ कमी, मग परत बघू. तिकिटाला दहा दिवस होते.

त्याच सकाळी जळगावच्या एका वर्तमानपत्रात आईचा फोटो छापून आला होता. हीही आमच्याकडची पद्धत. कोणी परदेशी निघालं की स्थानिक पेपरात चौकटीत जाहिरात येते: परदेशगमनानिमित्त हार्दिक शुभेच्छा. फोटोत आईच्या चेहऱ्यावर पासपोर्टाच्या फोटोतला संशय तसाच होता. खाली शुभेच्छुकांमध्ये दाजींच्या दुकानाचं नाव आईच्या नावापेक्षा ठळक होतं, आणि पंपांच्या तीन प्रकारांचीही नावं होती. जाण्याची तारीख होती. रविवारी नशिराबादजवळच्या दाजींच्या शेतात सत्कार आणि भरीत पार्टी आहे, हेही होतं.

संध्याकाळी दाजींच्या दिवाणखान्यात बैठक झाली. दाजी, अक्का, मी आणि आई. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती भाजी निवडत होती, म्हणजे मन लावून ऐकत होती.

“प्रोफेसर, एक सांगा,” दाजी म्हणाले. “आईंना बीपी आहे असं कोणत्या डॉक्टरने आजवर लिहून दिलंय?”

“आज दिलं.”

“आजचं सोडा. आजच्या आधी?”

“कोणीच नाही.”

“मग नव्हतं.”

“दाजी, ती सहा-सात वर्षं गोळी घेते आहे.”

“सासऱ्यांची.”

“अहो, चिठ्ठी बाबांची होती,” अक्का म्हणाली. “पोट तर आईचं ना?”

दाजींनी तिच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळले. “आपल्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. ते उद्या सकाळी तपासतील. त्यांच्या मशीनवर बीपी नॉर्मल येतं.”

“सगळ्यांचंच?”

“माणूस बघून येतं. फॉर्मवर आजार कोणते, तर कोणताही नाही. दहा दिवसांत विमानात. तुमची पॉलिसीही झाली, माझा सत्कारही झाला. आणखी काय पाहिजे?”

मी विकास अधिकाऱ्यांकडे जाऊन आलो होतो. त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच सांगितलं: बीपी लिहिलंत तर बीपीमुळे जे होईल त्याचं काही मिळणार नाही. न लिहिलंत आणि पुढे कळलं, तर कशाचंच मिळणार नाही असं धरून चाला.

“म्हणजे दोन्हीकडून नाही,” दाजी म्हणाले. “यापेक्षा माझं कार्ड काय वाईट?”

हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मी पॉलिसीचा प्रचारक झालो होतो आणि आता पॉलिसीलाही भोक निघालं होतं. मी म्हटलं, “दाजी, तुमच्या कार्डात फक्त भोक आहे. इथे भोकाभोवती कापड तरी आहे.”

“पुस्तकी बोलणं.”

“मग एवढंच सांगतो. तिथल्या डॉक्टरने आईला विचारलं, कसली गोळी घेता, तर आई काय सांगेल?”

आई इतका वेळ पायाशी पडलेल्या खरेदीच्या पिशव्यांकडे बघत होती. धाकटीसाठी घेतलेले डिंक, खारीक, हळीव, बाळाची टोपरी. ती मला म्हणाली, “भाऊ, मले एक सांग. खोटं लिव्हलं अन् तिथी मले कायी झालं, तं पैसे कोन भरीन?”

“धाकटी आणि तिचा नवरा.”

“जवाईबापू नही?”

दाजी म्हणाले, “आई, मी काय नाही म्हणेन का. पण तिथले आकडे…”

“हं,” आई म्हणाली. पंपाच्या किमतीवरून शेतकऱ्याने दुकानात म्हणावं तसं. मग म्हणाली, “मी तिचं बायंतपन कराले चालली. तिच्या उरावर बसाले नही. खरं लिही भाऊ. दहा दिवसात नही जमत तं ईस लागू दे. पोरगं का मह्या तिकिटाची तारीख पाहून येनार हाये?”

“आई, पेपरात छापून आलंय,” दाजी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खरा वाटला. “रविवारी दीडशे माणूस येणार आहे. आमदारांना सांगितलंय.”

“मंग करा ना सत्कार. कोन नको म्हनते? शाल मले तिकडं थंडीत लागनच.”

दुसऱ्या दिवशी एजंटाने तिकीट अठरा दिवस पुढे ढकललं. धाकटीला फोन केला तर ती आधी रडली, मग म्हणाली, “मला आधी का नाही सांगितलं?” हा प्रश्न मी आईकडे पाठवला. आई म्हणाली, तिले सांग, मले तरी कोनी सांगतलं व्हतं?

सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. कापसाच्या काट्या पेटवून वांगी भाजली गेली, लाकडी बडगीत कुटली गेली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आल्या. आमदार आले नाहीत, त्यांच्याऐवजी आलेल्या गृहस्थांनी केळीच्या मातीतली एक माउली सातासमुद्रापार निघाली आहे असं सांगितलं आणि मग बराच वेळ पाटाच्या पाण्यावर बोलले. आईला शाल, नारळ दिला, हार घातला. बिनमिठाचं भरीत तिने एका कोपऱ्यात बसून खाल्लं आणि सगळ्यांना सांगितलं की तिला भूक नाही. मग अडचण आली. निरोप झाला होता. फुलं लावलेली गाडी उभी होती. निरोप दिलेल्या बाईने परत त्याच गावात, त्याच घरात दिसणं आमच्याकडे अपशकुनाचं मानतात, आणि दाजींच्या बाबतीत तर त्यात धंद्याचीही नाचक्की होती. तेव्हा दीडशे माणसांनी हात हलवले, गाडी अमेरिकेच्या दिशेने निघाली आणि तीनेक तासांत धुळ्याला माझ्या घरासमोर थांबली.

पुढचे दिवस आईने माझ्याकडे काढले. दाजींची सूचना होती की तिने शक्यतो बाहेर पडू नये. आईने ही सूचना दोन दिवस पाळली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, डॉक्टरनं चालाले सांगतलं, अन् जवाई म्हनते बसा. बीपी कोनाच्या अंगात हाये? त्यानंतर ती पहाटे बाहेर पडू लागली. दर तिसऱ्या दिवशी माझी बायको तिला आमच्या डॉक्टरांकडे नेई आणि आकडा एका वहीत लिही. आकडा उतरत होता, पण केळीच्या भावासारखा, एक दिवस खाली, एक दिवस वर.

दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याबरोबर भाजीबाजारात आली. तिथे समोरून आमच्याच गावची एक लेक आली. शिंदखेड्याला दिलेली, तीसेक वर्षं तिकडे राहून बोलीही तिकडचीच झालेली. ती आईकडे बघतच राहिली.

“व माय. तुम्ही अमेरिकाथून कव्हय उनात? पेपरमा तं फोटू व्हता.”

मी काहीतरी गुळमुळीत बोलायला तोंड उघडलं. विमान चुकलं, व्हिसा अडकला, असलं. आई म्हणाली, “अजून गेलेच नही. बीपी हाये मले. ते नीट करू राह्यले.”

“तुम्हले बी शे का?” ती बाई खाली बसली, पिशवी टेकवली आणि नवऱ्याच्या गोळीचं सांगू लागली. “मी बी त्यास्नीच गोयी खास. त्या एक खातस, मी एक. चिठ्ठी एकच शे.”

“तसं करू नको,” आई म्हणाली. “आपली चिठ्ठी आपली काढ. मी इतके साल त्यायच्या नावावर जगली. आता फारमावर लिव्हाची येय आली तं भल्लं जड गेलं.”

दोघी मेथीच्या जुड्यांशेजारी अर्धा तास बोलत बसल्या. मी तोवर बटाटे घेतले, जे आम्हाला नको होते.

बातमी संध्याकाळपर्यंत जळगावला पोचली. दाजींचा फोन आला.

“प्रोफेसर, आईंना बाजारात कोणी नेलं?”

“ती स्वतः आली.”

“लोक मला विचारतायत, सासूबाई विमानातून उतरवल्या का म्हणून.”

आईने माझ्या हातातून रिसिव्हर घेतला. “जवाईबापू, तुम्ही असं सांगा, की सासूले बीपी हाये, ते खाली आलं की जाईन. त्यात लाजाचं काय? पंप बिघडला तं तुम्ही दुरुस्त करूनच देता ना गिऱ्हाइकाले?”

पलीकडून दाजी म्हणाले, “जेवण वेळेवर करताय ना?”

धुळ्याला आल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे नव्या तिकिटाच्या चार दिवस आधी, आम्ही परत जळगावच्या डॉक्टरांकडे गेलो. न्यायला दाजींची गाडी आली होती आणि गाडीत दाजीही होते. डॉक्टरांनी तीनदा बघितलं आणि हो म्हणाले. तिथून विमा कार्यालय. फॉर्म इंग्रजीत होता. मी एकेक प्रश्न वाचून आईला सांगत होतो आणि ती सांगेल ते लिहीत होतो. आजाराच्या रकान्यात मी लिहिलं: रक्तदाब, सहा-सात वर्षांपासून, सुरुवातीला डॉक्टरच्या सल्ल्याविना. विकास अधिकारी ते वाचून थांबले.

“एवढं शेवटचं लिहायची गरज नाही.”

“खरं हाये ना?” आईने विचारलं.

“खरं आहे.”

“मंग असू द्या.”

त्यांनी पॉलिसीवर शिक्का मारला. रक्तदाब व त्यातून उद्भवणारे विकार वगळून. दाजी तो शिक्का वाचत होते. “म्हणजे नेमकं जे आहे ते सोडून बाकीचं,” ते म्हणाले.

“बाकीचंच जास्त असते,” आई म्हणाली, आणि सही केली. ती सही करायला तिला मिनिट लागतं. अधिकाऱ्यांनी ते मिनिट दिलं. दाजींनी खिशातून स्वतःचं पेन काढून दिलं होतं, ते झाकण लावून परत खिशात ठेवलं, आणि बाहेर पडताना मला म्हणाले, “त्या मुलीने फोनवर शेवटी काय सांगितलं होतं हो तुम्हाला?”

मी सांगितलं.

“तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

ते हसले, पण फार नाही.

मुंबईच्या विमानतळावर आत जाता येत नव्हतं. आईच्या गळ्यात कापडी पिशवी होती, अक्काने शिवलेली, तिच्यात पासपोर्ट, पॉलिसी आणि गोळ्या. दारातल्या शिपायाने तिकीट मागितलं तर तिने एकेक कागद त्याच्या हातात नीट दिला, आणि प्रत्येक कागद परत घेऊन मोजला. मग न वळता आत गेली. मी आणि दाजी काचेला नाक लावून उभे होतो. ती रांगेत कोणा गुजराती बाईशी बोलताना दिसली, नंतर दिसेनाशी झाली.

नातू जानेवारीत ठरल्या आठवड्यात झाला. आई वेळेआधी तीन आठवडे पोचली होती आणि तोवर धाकटीच्या स्वयंपाकघरात तिने डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. फेब्रुवारीत ती कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर गेली आणि बर्फावर घसरली. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन करून आत पट्टी बसवावी लागली. बीपीचा त्यात काही संबंध नव्हता, असं तिथल्या डॉक्टरने आपण होऊन लिहून दिलं, कारण कंपनीने विचारलं होतं, आणि कंपनीला विचारता आलं ते बीपी फॉर्मवर असल्यामुळे. चार दिवस धाकटी आणि तिचा नवरा फोनजवळ बसून होते. पाचव्या दिवशी कंपनीने इस्पितळाला होकार कळवला.

त्या रविवारी धाकटीचा फोन आला. ती मला सगळं क्रमाने सांगत होती आणि मधेच रडायला लागली, तेव्हा पलीकडे कोणीतरी रिसिव्हर ओढून घेतल्याचा आवाज झाला.

“भाऊ,” आई म्हणाली, “तिचं आयकू नको. डावा हात हाये, उजवा चालू हाये. पोराले उजव्या हातानं न्हाऊ घालते, लेक पाय धरते.”

“दुखतंय का?”

“दुखतेच ना. हाड मोडलं. तुले ते कागदाचं इचाराचं हाये ना? घेतले त्यायनी. पैसे मांगतले नही.” मागे बाळ रडत होतं. “आता फोन ठेवते, त्याची येय झाली. अन् केयीच्या बागेले पानी चालू हाये का नही ते पाहून ये, उन्हायाच्या पह्यले.”